फिल्टर नवा, नळी जुनी!

ऐन मे महिन्यातली गोष्ट. खर्ड्यातील एक निवृत्त गुरुजी आपल्या सहा वर्षांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आले. पोरीला जुलाब होत होते. दोन महिन्यांतली ही तिसरी खेप. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. औषधपाणी सुरू केले आणि नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘गुरुजी, घरात पिण्याचे पाणी कोणते?’’

गुरुजींना प्रश्न जरा लागलाच. म्हणाले, ‘‘डॉक्टर, आमच्याकडं आरओ आहे. दिवाळीत नवा बसवलाय. पोरानं पुण्याहून फ्रीजसुद्धा असा आणलाय, की त्याच्या दारातूनच थंडगार पाणी येतं. माठ तर कधीच माळ्यावर टाकला.’’

एवढी व्यवस्था असलेल्या घरात पोरीला तीन वेळा जुलाब का व्हावेत, हे कोडे काही सुटेना. म्हणून दोन दिवसांनी संध्याकाळी त्यांच्या घरी चक्कर टाकली. स्वयंपाकघरात फिल्टर लखलखीत होता. त्याची देखभाल वेळच्या वेळी झाल्याची चिठ्ठीही चिकटवलेली होती. फिल्टरपासून एक बारीक नळी खाली उतरून, मोरीच्या कोपऱ्यातून पलीकडच्या खोलीत फ्रीजच्या मागे गेली होती. मी बॅटरी मागितली आणि वाकून पाहिले.

नळी दोन तुकड्यांची होती. सांधा मोरीच्या ओल्या कोपऱ्यात. त्यावर रबराचा तुकडा चढवून तार आवळलेली. नळी पारदर्शक असल्याने आतला हिरवट थर बाहेरून स्पष्ट दिसत होता. पाणी बंद करण्याचा कॉक होता, पण क्षार साचून पांढराफटक झालेला. फिरवायला गेलो तर जागचा हलेना. फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये पाणी साचले होते आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

पाण्याची तपासणी करायच्या दोन छोट्या बाटल्या मी बरोबर नेल्या होत्या. एकीत फिल्टरच्या तोटीचे पाणी घेतले, दुसरीत फ्रीजच्या दारातले. घरातल्या उबदार जागी त्या ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी फिल्टरच्या पाण्याची बाटली होती तशीच राहिली. फ्रीजच्या पाण्याची बाटली काळी पडली. विष्ठेतील जंतू पाण्यात शिरल्याची ही खूण.

फिल्टर आपले काम चोख करत होता. शुद्ध झालेले पाणी पुढच्या पंधरा फुटांत बिघडत होते.

खर्डा आणि पाणी

पाण्याचे मोल खर्डेकरांना कोणी शिकवायला नको. ११ मार्च १७९५ रोजी याच परिसरात मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. त्या रात्री घोड्यांसाठी पाणी शोधत निघालेली मराठ्यांची एक छोटी तुकडी ओढ्याकाठी निजामाच्या पहारेकऱ्यांसमोर आली. गोळीबार झाला, अंधारात गोंधळ माजला आणि निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला, असे इतिहासकार ग्रँट डफ याने लिहून ठेवले आहे. आपल्याच जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्यादेवींनी देशभर विहिरी, बारवा आणि घाट बांधले. आज आपला जिल्हा त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आपल्याकडचा पाऊस बेभरवशाचा. टँकरमागे धावलेली माणसे गावागावांत आहेत. पाणी मिळवणे हीच लढाई असल्याने, एकदा ते घरात आले की आपण निश्चिंत होतो. पण गावच्या टाकीपासून आपल्या पेल्यापर्यंत पाण्याला अजून बरेच अंतर कापायचे असते. त्यातला घराच्या आतला टप्पा ग्रामपंचायतीचाही नाही आणि आरोग्य खात्याचाही नाही. तो आपला स्वतःचा आहे.

आता तर घरोघरी आरओ आले आहेत, काही घरांत नळाला जोडायचे फ्रीज आले आहेत. दोन्हींची भिस्त बारीक नळी आणि कॉक या दोन किरकोळ वस्तूंवर असते. म्हणून आज त्यांच्याविषयीच बोलू.

नळी का बिघडते?

ग्रामपंचायतीच्या पाण्यात क्लोरिन असते. भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावे. हा शिल्लक क्लोरिन म्हणजे पाण्याचा राखणदार. वाटेत एखादा जंतू शिरला तर तो त्याचा समाचार घेतो. आरओ यंत्र पाण्यातील क्षार आणि जंतू काढते, त्याचबरोबर क्लोरिनही काढून टाकते. त्यामुळे आरओनंतरच्या नळीतील पाणी स्वच्छ असते, पण त्याला राखणदार नसतो. पुढे जंतू शिरला तर त्याला अडवणारे कोणी नाही.

दुसरे कारण साचलेपणाचे. सुट्टीत घर बंद राहते, हिवाळ्यात फ्रीजचे पाणी कोणी पीत नाही. नळीतले पाणी आठवडेच्या आठवडे जागच्या जागी राहते. नळीच्या आतल्या अंगाला बुळबुळीत थर धरतो. माठ चार दिवस घासला नाही तर आतून हाताला लागतो, तसाच हा थर. नळी पारदर्शक असेल आणि तिच्यावर ऊन पडत असेल, तर शेवाळही धरते.

तिसरे कारण सांध्याचे. नळीत पाण्याचा दाब असतो तोवर गळका सांधा पाणी बाहेर टाकतो. टाकी रिकामी झाली किंवा वीज गेली की दाब संपतो. नळीतले पाणी उताराकडे सरकते आणि तोच सांधा बाहेरचे पाणी आत ओढू लागतो. सांधा मोरीत बुडालेला असेल, तर मोरीचे पाणी पेल्यात येते. गुरुजींच्या घरी हेच झाले असावे.

चौथे कारण उंदराचे. फ्रीजच्या मागची उबदार, अंधारी जागा त्याला फार आवडते आणि प्लॅस्टिकची नळी कुरतडायला वेळ लागत नाही.

कॉक कशासाठी?

‘‘पाणी चालूच ठेवायचे असते, मग बंद करायचा कॉक कशाला?’’ असे पुष्कळ जण विचारतात. नळी फुटली तर पाणी थांबवायला, फ्रीज हलवायचा असेल तेव्हा आणि घर बंद करून गावाला जाताना. पाण्याची शंका आली की आधी ते बंद करता आले पाहिजे.

आरोग्यशास्त्राच्या इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने माणसे पटापट मरत होती. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने घरोघर फिरून कोण कोणते पाणी पितो, याची नोंद केली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हापशाकडे बोट दाखवून त्याने त्याची दांडी काढायला लावली. तो दिवस होता ८ सप्टेंबर १८५४. साथ तोवर ओसरू लागली होती, हे खुद्द स्नोनेच मान्य केले. पण कॉलऱ्याचा जंतू कोणाला ठाऊक नसताना पाण्याची वाट शोधायची आणि ती बंद करायची, ही रीत त्याने घालून दिली. आपल्या घरातला कॉक म्हणजे त्या दांडीचेच लहान रूप.

कॉक घेताना पितळी बॉल व्हॉल्व्ह घ्यावा. त्याची दांडी नळीच्या दिशेत असली की पाणी चालू, आडवी केली की बंद. लांबूनही कळते. पाइपला टोचून बसवायचा स्वस्तातला कॉक मिळतो, तो टाळावा. त्याचे छिद्र बारीक असल्याने क्षाराने लवकर बुजते आणि टोचलेल्या जागी पुढे गळती सुरू होते. कॉक हाताला सहज लागेल अशा जागी असावा. फ्रीजच्या मागे बसवलेला कॉक वेळेला उपयोगी पडत नाही, कारण पाणी वाहू लागल्यावर आधी फ्रीज ओढत बसावे लागते.

बोअरच्या क्षारी पाण्याने कॉक जागीच धरतो. म्हणून महिन्यातून एकदा तो बंद करून पुन्हा उघडावा. एवढ्याने तो वर्षानुवर्षे चालतो.

नळी आणि कॉक कसे बदलावेत?

हे काम गावातला प्लंबर अर्ध्या-पाऊण तासात करतो. घरातल्या हातच्या माणसालाही ते जमते. प्लंबरला बोलावले तरी तो काय करतो आहे, हे आपल्याला समजले पाहिजे.

सामान थोडेच लागते. पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली पाव इंची पांढरी अपारदर्शक नळी, जुन्या मापाचा बॉल व्हॉल्व्ह, टेफ्लॉन टेप, पाना, धारदार ब्लेड, बादली आणि फडके. दुकानात जाताना जुन्या नळीचा तुकडा आणि जुना कॉक बरोबर न्यावा, म्हणजे माप चुकत नाही. बागेला पाणी घालायची रंगीत नळी स्वस्त पडते, पण ती पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली नसते.

पहिली पायरी : फ्रीजची आणि फिल्टरची पिन काढून ठेवा. नुसते बटण बंद करून भागत नाही. वीज आणि पाणी एकत्र आले की जिवाशी खेळ होतो.

दुसरी पायरी : घराचा मुख्य कॉक बंद करा. आरओची साठवण टाकी असेल तर तिचीही तोटी बंद करा. मग जवळचा नळ उघडून पाइपातले पाणी काढून टाका. बादली सांध्याखाली ठेवा.

तिसरी पायरी : जुना कॉक पान्याने सोडवा. पाइप दुसऱ्या हाताने धरून ठेवा, नाहीतर भिंतीतला सांधा फिरतो आणि एकाची दोन कामे होतात. आट्यांवरची जुनी सुतळी, टेप, क्षार घासून काढा. पूर्वी सांध्यावर सुतळी आणि सफेदा लावत. जुन्या सफेद्यात शिसे असे आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. पिण्याच्या पाण्याच्या सांध्याला टेफ्लॉन टेपच वापरावी.

चौथी पायरी : नव्या आट्यांवर टेप घट्ट ओढून सहा-सात वेढे द्या. आट्यांच्या तोंडाकडे पाहिले असता वेढे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पडले पाहिजेत. उलटे गुंडाळले तर कॉक आवळताना टेप सुटत जाते. कॉक आधी हाताने फिरवा, मग पान्याने बेताने आवळा. फार जोर केला तर पितळ तडकते.

पाचवी पायरी : नळी ब्लेडने अगदी सरळ कापा. तिरपा काप म्हणजे हमखास गळती. आता बहुतेक ठिकाणी दाबून बसवायचे सांधे असतात. त्यात नळी साधारण अर्धा इंच आत, शेवटपर्यंत दाबावी. आधी ती थोडी अडते, मग आणखी दाबल्यावर आतल्या रबरी कड्यातून पुढे जाते. बसल्यावर हलकेच ओढून पाहावी, सुटता कामा नये. काढायची असेल तेव्हा सांध्याच्या तोंडाची कडी आत दाबून धरावी आणि नळी ओढावी. जुनी नळी ओरबाडून काढली तर सांधाच निकामी होतो.

सहावी पायरी : फिल्टरपासून फ्रीजपर्यंत नळी एकसंध ठेवा, मध्ये सांधा नको. ती मोरीतून नेऊ नका. जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीला धरून न्या. उंदरांचा त्रास असेल तर वायरसाठी असतो तशा प्लॅस्टिकच्या पाइपातून ओवून घ्या. फ्रीजच्या मागे नळीचे दोन-तीन सैल वेढे ठेवा, म्हणजे झाडण्यासाठी फ्रीज पुढे ओढला तरी ती ताणणार नाही. नळी कोठेही मुडपलेली किंवा फ्रीजच्या पायाखाली चेपलेली नसावी.

सातवी पायरी : मुख्य कॉक आणि टाकीची तोटी उघडा, मग नवा कॉक हळूहळू उघडा. प्रत्येक सांध्यावर कोरड्या वर्तमानपत्राचा तुकडा दाबून पाहा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. फिल्टरची पिन लावा. टाकी भरू द्या आणि फ्रीजच्या दारातून निदान दहा-पंधरा लिटर पाणी सोडून द्या. ते झाडांना घाला, भांडी विसळा, पण पिऊ नका. बर्फ आपोआप तयार करणारा फ्रीज असेल तर पहिल्या दिवसाचा सगळा बर्फ टाकून द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सांधे पुन्हा एकदा तपासा.

गळतीचे दुखणे वेगळेच

थेंबथेंब गळतीकडे आपण पाणी वाया जाते एवढ्याच दृष्टीने पाहतो. डॉक्टरच्या दवाखान्यात तीच गळती वेगवेगळ्या रूपांत येते.

ओल्या फरशीवरून घसरून पडलेल्या आजी येतात. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले तर महिनोन्महिने अंथरुण धरावे लागते. फ्रीजखाली पाणी साचलेले असताना अनवाणी पायाने दार उघडणाऱ्याला विजेचा झटका बसू शकतो. म्हणून फ्रीजचे अर्थिंग नीट असावे आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच घरात बसवून घ्यावा.

आणि डेंग्यू! त्याचा डास गटारापेक्षा घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. फ्रीजच्या मागच्या ट्रेसारखी निवांत जागा त्याला दुसरी मिळत नाही. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. त्या दिवशी ट्रे नुसता ओतून चालत नाही. अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. ट्रे घासून, पुसून, वाळवूनच परत लावावा.

थंड म्हणजे शुद्ध नव्हे

फ्रीजमध्ये जंतू मरतात, हा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. थंडीने बहुतेक जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. बर्फातही पुष्कळ जंतू तग धरून राहतात आणि सरबतात बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. काविळीचे विषाणू तर थंडीला मुळीच दाद देत नाहीत. लग्नकार्यात, दुकानांत मिळणारे थंड जारचे पाणीही याच कसोटीवर घासून घ्यावे. पाणी गार आहे याचा अर्थ ते गार आहे, एवढाच.

ज्या फ्रीजच्या दारात हाताने पाणी भरायची टाकी असते, तिथे नळीची भानगड नाही. पण ती टाकी आठवड्याला काढून घासावी लागते. कित्येक घरांत ती घेतल्यापासून एकदाही निघालेली नसते. फ्रीजमध्ये पाण्याचा वेगळा फिल्टर असेल तर तो माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, बहुधा सहा महिन्यांनी, बदलावा.

घराबाहेरची नळी

ज्यांच्याकडे आरओ नाही, फ्रीज नाही, त्यांनी हा लेख आपला नाही असे समजू नये. गावच्या जलवाहिनीपासून आपल्या उंबऱ्यापर्यंत येणारी नळजोडणी हीसुद्धा नळीच आहे. ती कुठून येते, हे एकदा चालत जाऊन पाहा. पुष्कळ ठिकाणी ती गटारातून गेलेली असते. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच सुटते. बाकीचा सगळा वेळ ती नळी रिकामी असते आणि तिला एखादे छिद्र असेल तर गटाराचे पाणी आत झिरपते. त्यात कोणी नळाला थेट मोटर लावली की ओढ आणखी वाढते. मोटर लावणाऱ्याला पाणी जास्त मिळते आणि त्याबरोबर सगळ्या आळीच्या वाट्याची घाणही आत येते.

दूषित पाणी काय करू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीच्या साथीने हजारो लोक आजारी पडले. ती ‘ई’ प्रकारची कावीळ होती. पाण्यातून पसरणारी ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते. परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर शंभरातील वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जानेवारी २०२५ मध्ये हातापायांतली ताकद जाणाऱ्या गुलियन-बारी विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हाही बोट पाण्याकडेच गेले. महापालिकेने त्या भागातील काही खासगी आरओ केंद्रे बंदही केली. आरओ ही पाटी शुद्धतेची हमी देत नाही, हे त्यातून दिसले.

आपल्या ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. नळाच्या पाण्यात क्लोरिन आहे की नाही, हे ओटी चाचणीने दोन मिनिटांत कळते. जलजीवन मिशनमध्ये गावातील महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. त्यांच्याकडे किंवा आरोग्य केंद्राकडे चौकशी करावी.

जुलाब झालेच तर

आधी पाण्याची भरपाई करावी. क्षारसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. दर जुलाबानंतर थोडे थोडे पाजावे, बाळाला अंगावरचे दूध चालू ठेवावे. सहा महिन्यांपुढच्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकची वीस मिलिग्रॅमची गोळी चौदा दिवस द्यावी. जुलाब थांबले तरी ती थांबवू नये. मूल मलूल झाले, लघवी होईनाशी झाली, शौचात रक्त दिसले, पाणीही पोटात राहीना, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि घरातल्या दोन-तीन जणांना एकाच वेळी त्रास झाला तर पाण्याकडे वळावे. आरओ असो वा नसो, संशय फिटेपर्यंत पाणी खळखळ उकळून, गार करून प्यावे.

हे काम कोणाचे?

गुरुजींच्या घरी त्या दिवशी सगळे दाखवून झाल्यावर काकू म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, हे तर प्लंबरचं काम. आम्हाला बायकांना त्यातलं काय कळतंय?’’

मी त्यांना जामखेडची आठवण करून दिली. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या, फारसे शिक्षण नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. बाळंतपण, जुलाबावरचे साखर-मिठाचे पाणी, स्वच्छ पाण्याचा आग्रह, हे सगळे त्या बायकांनी गावोगाव नेले. जगभरचे डॉक्टर ते पाहायला आपल्या तालुक्यात आले. ज्या तालुक्यातील बायांनी हे करून दाखवले, तिथे एक कॉक फिरवणे आणि नळीचा रंग पाहणे का जमू नये?

काकू हसल्या. पुढच्या आठवड्यात प्लंबर आला तेव्हा त्या त्याच्या डोक्यावर उभ्या होत्या, असे गुरुजींनीच सांगितले. जुनी नळी निघाली, नवी मोरी टाळून भिंतीवरून गेली, कॉक ओट्याजवळ बसला. मी पुन्हा बाटली भरली, ती काळी पडली नाही. त्यानंतर नात जुलाबासाठी माझ्याकडे आलेली नाही. एवढ्यावरून त्या नळीनेच तिला आजारी पाडले असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, मुलांना जुलाब व्हायची कारणे अनेक असतात. पण त्या काळ्या बाटलीतले पाणी ती रोज पीत होती, एवढे मात्र खरे.

खर्च झाला तो काही शे रुपयांचा. पोरीच्या तीन खेपांच्या औषधांना याहून जास्त लागले होते.

तेव्हा वाचकहो, आज एवढेच करा. बॅटरी घ्या आणि फिल्टरच्या, फ्रीजच्या मागे डोकावून पाहा. नळी हिरवट, पिवळट, कडक किंवा चिकट झाली असेल, मध्ये सांधा असेल, मोरीला लागत असेल, तर ती बदला. काहीच खराब दिसत नसले तरी चार-पाच वर्षांनी बदललेली बरी. कॉक फिरवून पाहा. फिरत नसेल तर तोही बदला. ट्रे काढून घासा. आणि घरातल्या प्रत्येकाला, अगदी शाळेत जाणाऱ्या मुलालाही, पाणी बंद करायचा कॉक कोठे आहे ते दाखवून ठेवा.